जुन्या एमएक्स-५ च्या १.६ इंजिनाला टर्बो : कोल्हापुरात काम करून घ्यायचं तर मापं काय धरायची?

पंचगंगा_९०
नमस्कार मंडळी. गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५, स्टिअरिंग उजवीकडं. इंजिन बी६-झेडई, १५९८ सीसी, बोअर ७८ मिमी, स्ट्रोक ८३.६ मिमी, कॉम्प्रेशन ९.४ ला १, मूळ ताकद साधारण ११५ एचपी. टर्बो बसवायचाय, पण पिस्टन आणि रॉड मूळचेच ठेवून. वापर फक्त ट्रॅकवर. बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा जादा दाब) किती धरावा, टर्बो कुठला घ्यावा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारे पाइप) उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, करून घेता येईल का? तयार किट आयात ड्युटीसकट परवडत नाही. नेमके आकडे द्या, एवढीच विनंती.

टायमिंगलाइट
दादा, बूस्टचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी इंजिन त्या लायकीचं आहे का ते बघा.

पहिलं, क्रँकचं नाक. १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. चावीची खाच खाते, टायमिंगची पुली हळूहळू डुलायला लागते आणि इग्निशन आपोआप मागं सरकतं. ओळख सोपी: पुढच्या पुलीच्या खाचा मोजा. ४ असतील तर आखूड नाक, ८ असतील तर लांब. तुमची १९९० ची म्हणजे ४ च निघणार. बोल्ट उघडून चावी आणि खाच नीट बघा. चावीला बाजूनं चमकदार घासल्याचा पट्टा दिसला तर टर्बोचा विचार तिथंच थांबवा आणि आधी क्रँकचं काम करा.

दुसरं, कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलिंडरांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडं समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाब ६-७ टक्के कमी, त्यामुळं पुस्तकातल्या आकड्यापेक्षा रीडिंग थोडं खाली येणारच, त्याला घाबरू नका. फरक बघा. शिवाय लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करून घ्या. १५ टक्क्यांच्या वर गळती असली तर हवा कुठून येते ते ऐका: ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट.

तिसरं, इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते. डायग्नोसिस डबीत टीईएन आणि जीएनडी वायरनं जोडायचं, आयडलवर लाइट मारायची, १० अंश आलं पाहिजे. थोडा पिकअप वाढावा म्हणून बऱ्याच गाड्यांचं १४ ला सरकवलेलं असतं. तसंच ठेवून बूस्ट दिला तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत जाते.

या तिन्हींतून पास झालं तर या इंजिनाचा पाया चांगला आहे. बी६ चीच टर्बो आवृत्ती माझदा ३२३ मध्ये होती, आणि पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणाऱ्या नळ्या या १.६ मध्येही आहेत.

हवेचा_हिशेब
आकडे मागितलेत म्हणून मांडतो.

कोल्हापूर साधारण ५७० मीटरवर. हवेचा दाब ०.९४५ बारच्या आसपास. गेजवर अर्धा बार बूस्ट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत अर्धा किलो, धरला तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या) एकूण १.४४५ बार. फिल्टर आणि पाइपांतलं नुकसान धरून कॉम्प्रेसरचा प्रेशर रेशो १.५५.

बाहेर ३५ अंश असताना ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर ही हवा साधारण ९४ अंशांवर बाहेर टाकतो. बरा इंटरकूलर (टर्बोनंतर हवा गार करणारा रेडिएटर) त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतो, मग मॅनिफोल्डला पोचते ५३ अंशांना. इंटरकूलर नसेल तर ९४ अंशांची हवा थेट आत. या इंजिनाला नॉकिंगपासून (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटून बसणाऱ्या ठोक्यापासून) वाचवणारी सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे. 'अर्ध्या किलोला इंटरकूलर कशाला' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

६५०० आरपीएमला, सिलिंडरचं ८५ टक्के भरण धरून, हवा लागते सेकंदाला ११० ते ११५ ग्रॅम. मिनिटाला साधारण १५ पौंड. टर्बोचे नकाशे पौंडांत असतात म्हणून तोही आकडा दिला. यातून क्रँकला १५० एचपीच्या आसपास निघतात. टर्बोशिवाय आपल्या उंचीवर हेच इंजिन १०७ च्या पुढं जात नाही, तेव्हा फायदा चाळीस टक्क्यांचा. मूळ रॉड यापेक्षा बरंच सोसतात, पण पहिल्या टप्प्याला इथंच थांबा.

भंगार_ते_भारी
मिनिटाला १५ पौंडच पाहिजे तर डिझेल गाडीचा टर्बो का नको? दीड-दोन लिटर डिझेलचे जुने टर्बो ढिगानं मिळतात. मापात बसतात.

हवेचा_हिशेब
कॉम्प्रेसरच्या मापात बसतात, उष्णतेच्या मापात नाही. डिझेलचा धूर टर्बाइनवर साधारण ७०० ते ७५० अंशांनी येतो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर ९०० ते ९५०. डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं बीड त्या तापमानाला वाकतं, वेस्टगेटच्या (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून तडा जातो. त्यात व्हीएनटी प्रकार (हलत्या पात्यांनी बूस्ट सांभाळणारा) असेल तर आतल्या पात्या काजळीनं आणि उष्णतेनं अडकतात. एकदा बंद स्थितीत अडकल्या की बूस्ट वाढतच जातो. तिसरी अडचण म्हणजे बऱ्याच डिझेल टर्बोंना बेरिंग हाउसिंगमध्ये पाणी फिरत नाही. गाडी बंद केली की आतलं ऑइल जळून कोळसा होतं.

पेट्रोल गाडीचाच घ्या. गॅरेट जीटी२५५४आर, मित्सुबिशीचा टीडी०४, किंवा १.८ टर्बो पेट्रोलवरचा के०३, तिन्ही या हवेला पुरतात. जीटी२८ पासून पुढचे मोठे घेऊ नका. ४००० च्या वर बूस्ट येईल आणि आपल्या छोट्या ट्रॅकवर अर्ध्या वळणांत मिळणारच नाही.

वापरलेला घेताना शाफ्ट हातानं पुढं-मागं ढकला. ही हालचाल जवळजवळ जाणवता कामा नये, डायल लावलात तर ०.१ मिमीच्या आत. बाजूला थोडा हलणार, ऑइल नसताना ते साहजिक आहे. पण बाजूला दाबून फिरवल्यावर पातं हाउसिंगला घासलं तर तो टर्बो टेबलावरच ठेवून या.

लेथवाला
मॅनिफोल्डचं मी सांगतो. उद्यमनगरात हे काम हुतंय, पण काय सांगायचं ते तुमाला माहीत पायजे. न्हाईतर सायलेन्सरवाल्याच्या पातळ पाइपात करून देतील आणि चार दिसांत फुटंल.

पाइप: सव्वा इंची सीमलेस, शेड्यूल ४० चे, म्हंजे जाड भिंतीचे, बटवेल्ड एल्बो. बॉयलरच्या लायनीला लागतात तेच, साखर कारखान्यांमुळं इथं कुठंबी मिळतात. जड हाय, पण तडकत न्हाई. स्टेनलेस पायजे तर ३०४, शेड्यूल १०, आणि आतनं आरगॉन सोडूनच वेल्डिंग. आतनं आरगॉन न्हाई सोडला तर मुळाशी साखरेगत खरखरीत काळं दाणं तयार हुतंय. त्येच सुटून टर्बाइनच्या पात्यावर आदळतंय.

हेडचा फ्लँज १२ मिमी. गास्केट ठेवून लेझर कटिंग करून घ्या, हातानं गॅस कटिंग नको. टर्बोचा टी२५ फ्लँज बी १२ चाच. वेल्डिंगच्या आधी हेडचा फ्लँज २० मिमीच्या सपाट प्लेटला सगळ्या भोकांतनं बोल्ट मारून आवळायचा. वेल्डिंग झाल्यावर लगीच सोडायचा न्हाई, पूर्ण गार हुईस्तोवर तसाच. मग सरफेस ग्राइंडिंग. सरळपट्टी ठेवून खालनं ०.१ चा फीलर जाता कामा नये.

शिरोली_सँड
लेथवाला दादांचं बरोबर, फक्त एक गोष्ट राहिली. फ्लँज एकसंध ठेवू नका. तापल्यावर स्टेनलेसचा ३०० मिमीचा फ्लँज ६०० अंशांच्या फरकाला जवळजवळ ३ मिमी वाढू बघतो, साधं पोलाद २ मिमी. अ‍ॅल्युमिनियमचं हेड पाण्यानं गार राहतं, ते तेवढं वाढत नाही. मग कडेचे स्टड वाकतात किंवा पहिल्या आणि चौथ्या रनरच्या मुळाशी तडा जातो. म्हणून ग्राइंडिंग झाल्यावर पोर्टांच्या मधोमध हॅक्सॉनं फ्लँज कापून टाका. भोकं पण, मधली सोडून, अर्धा-एक मिमी मोठी.

ओतून घेण्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. साध्या ग्रे बिडाचं ओतू नका, तापून-गार होऊन तडकतं. एक्झॉस्टसाठी सिलिकॉन-मॉली एसजी आयर्न (न तडकणारं, चिवट बीड) असतं, ४ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम. शिरोली-गोकुळ शिरगावात एसजी ओतणाऱ्या फौंड्र्या पुष्कळ आहेत. पण एका नगासाठी पॅटर्न, चार रनरचे कोअर बॉक्स आणि भट्टीत वेगळी हीट, हा खर्च निघत नाही. पाच-सहा जण मिळून केलं तरच अर्थ आहे. एका गाडीला शेड्यूल ४० च बरोबर.

पंचगंगा_९०
शेड्यूल ४० ठरलं. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवरच टांगायचं का, खालून आधार द्यायचा?

लेथवाला
शेड्यूल ४० ला आधार लागत न्हाई. पण टर्बोच्या मागचा डाउनपाइप गिअरबॉक्सच्या घंटेला (बेल हाउसिंगला) ब्रॅकेटनं बांधाच. पाइपाचं वजन आणि हादरं टर्बोच्या स्टडवर आलं की नट सुटत्यात. या गाडीचं हे जुनंच दुखणं हाय. साधं स्प्रिंग वॉशर तापून मऊ पडतंय, त्येचा उपेग शून्य. मुरड मारायच्या पत्र्याचं लॉकिंग वॉशर लावा. स्टड इनकोनेलचं मिळालं तर उत्तम, आणि जागा असंल तितं एम८ च्या ऐवजी एम१०.

टायमिंगलाइट
आता ऑइल. टर्बो मरतात ते बहुतेक ऑइलच्या परतीच्या नळीमुळं.

फीड: ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशरच्या जागेवरून टी काढून, स्टीलची जाळी असलेली ४ नंबरची होज. तिथले आटे बीएसपीटी आहेत, एनपीटी नाहीत. एक-अष्टमांश इंचाला दोन्ही सुरुवातीला बसल्यासारखे वाटतात, दोन फेऱ्यांनंतर अडकतात. जोर लावला की ब्लॉकमध्ये तडा. बॉल बेरिंगचा टर्बो असेल तर फीडच्या तोंडाशी १ मिमीचा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या बुश बेरिंगला बॉल बेरिंगचा रिस्ट्रिक्टर लावू नका, बेरिंग उपाशी राहतं.

परत: १० नंबरची होज, आतून १४ मिमीच्या खाली नको. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल दाबाखाली नसतं, फेसाळलेलं असतं आणि नुसत्या उतारावर खाली जातं. वाटेत वर-खाली वळण, लोंबता पोट किंवा चिमटा कुठंही नको. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. पातळीच्या खाली उघडली की ऑइल मागं तुंबतं आणि सीलमधून टर्बाइनमध्ये जातं. चेंबरला भोक पाडताना चेंबर उतरवूनच पाडा. ड्रिलला ग्रीस लावून जागेवर पाडण्याची पद्धत आहे, पण एक किस आत राहिली तरी ती ऑइल पंपापर्यंत जाते.

टर्बोची बॉडी बसवताना ऑइलचं आत यायचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत ठेवा. पाण्याच्या नळ्यांसाठी बॉडी थोडी तिरपी, म्हणजे गाडी बंद झाल्यावर गरम पाणी आपोआप वर चढून फिरत राहतं.

रंकाळा_टोक
एक सर्वसाधारण प्रश्न. टर्बो नवा, तरी आयडलला निळा धूर येतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. सील खराब निघतात का?

टायमिंगलाइट
सील म्हणून आपण जे म्हणतो ती पिस्टन रिंगसारखी एक बारीक कडी असते. ती गॅस अडवते, तुंबलेलं ऑइल ती अडवू शकत नाही. म्हणून टर्बो उघडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. परतीची नळी कुठं दबलीय का. रिस्ट्रिक्टर हवा तिथं आहे का. आणि तिसरी, जी सगळे विसरतात, क्रँककेसमधला दाब.

बूस्टमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढणारी झडप) उलटा दाब अडवत नसेल तर मॅनिफोल्डची हवा थेट क्रँककेसमध्ये जाते. तिथं दाब वाढला की टर्बोचं ऑइल खाली यायला तयार नसतं. पीसीव्हीच्या नळीत चांगला चेक व्हॉल्व्ह घाला. दुसऱ्या बाजूची ब्रीदर नळी १६ मिमीच्या आतल्या व्यासाची करून कॅच कॅनला, आणि कॅनमधून टर्बोच्या आधीच्या पाइपात. तपासायला ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर हाताचा तळवा ठेवा. आयडलला हलकी ओढ जाणवली पाहिजे. हात ढकलला जात असेल तर दोष टर्बोचा नाही.

इथेनॉल_कट्टा
पेट्रोलकडं कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यातून येतं. टर्बोच्या दृष्टीनं ते चांगलं आहे: ऑक्टेन वाढतं आणि बाष्प होताना हवा जास्त गार करतं. पण हिशेब बदलतो.

शुद्ध पेट्रोलला १४.७ ला १ हे संतुलित मिश्रण. ई२० ला ते १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ८-९ टक्के जास्त इंधन लागतं. वाइडबँडचं मीटर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारं) मात्र पेट्रोलच्या मापानंच दाखवतं. म्हणून एअर-फ्युएलच्या आकड्यात बोलणं सोडा, लॅम्डात बोला: १ म्हणजे संतुलित, त्याखाली इंधन जास्त. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.७८ ते ०.८०.

इंजेक्टर: मूळचे मिनिटाला २१० सीसीच्या आसपास. अर्ध्या बारला, ई२० वर, ८० टक्के ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून किमान २७० सीसी लागतात. काठावरचं माप घेऊ नका, ३६० ते ४४० सीसीमधले, १२ ते १४ ओहमचे घ्या. त्याहून मोठे घेतले तर आयडल सांभाळणं अवघड जातं. पंप तासाला १९० लिटरचा भरपूर झाला. २५५ चा टाकला तर परतीच्या बारीक लायनीतून जास्तीचं पेट्रोल पुरेसं परत जात नाही, आणि आयडलला दाब चढून बसतो.

रबर: १९९० च्या नळ्या या इंधनासाठी नाहीत. टाकीपासून रेलपर्यंत सगळ्या बदला, आतून फ्लुओरोकार्बनचं अस्तर असलेल्या, आर९ छापाच्या. बूस्टमध्ये सुटलेली पेट्रोलची नळी आणि शेजारी लाल झालेला टर्बो, एवढंच लक्षात ठेवा. पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेतून इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी तळाशी बसलं की पंप तेच आधी उचलतो.

भंगार_ते_भारी
हेड गास्केट जाड टाकून कॉम्प्रेशन ८.५ वर आणलं तर? मग निर्धास्त एक किलो देता येईल.

टायमिंगलाइट
जाड गास्केटनं कॉम्प्रेशन थोडं उतरतं, पण पिस्टनच्या कडेला हेडच्या सपाट भागाशी जी बारीक फट असते ती वाढते. ती फट मिश्रणाला मधोमध ढकलून घुसळण्यासाठी असते. ती वाढली की कोपऱ्यातलं मिश्रण उशिरा जळतं आणि नॉकिंग उलट लवकर सुरू होतं. कॉम्प्रेशन कमी करायचं तर पिस्टन बदलून. ते काम या धाग्याच्या बाहेरचं.

९.४ कॉम्प्रेशन अर्ध्या बारला अडचणीचं नाही. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं, टर्बोसकट. त्यांनी नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत सोडलं होतं. गाडीवाले ती बाटली भरायला विसरायचे, आणि तिथंच ती योजना फसली. म्हणून आपली सुरक्षितता बाटलीवर ठेवायची नाही, टायमिंगवर ठेवायची.

मॅप_कोल्हापूर
टायमिंगवर आलात म्हणून ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, बोलतो. मूळच्या ईसीयूला बूस्ट कळतच नाही. हवा मोजायला झडपेचं एअरफ्लो मीटर आहे. ते पूर्ण उघडलं की त्यापुढची हवा त्याच्या हिशेबात नाही. फ्युएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावून काम भागवण्याची जुनी पद्धत आहे, ती वापरू नका. इंधन अंदाजे वाढतं, टायमिंग तसंच राहतं.

मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो, बाहेरून लावायचा कुठलाही ईसीयू चालेल, पण इंधन आणि टायमिंग दोन्ही त्याच्याच ताब्यात. २५० केपीए पर्यंत मोजणारा मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजणारा). हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर, आणि तो उघड्या टोकाचा, जलद प्रतिसाद देणारा. वाइडबँड एलएसयू ४.९, टर्बाइननंतर पाऊण-एक मीटरवर, पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात.

इथं एक फसगत हमखास होते. १.६ मध्ये फ्युएल पंपाचं स्विच त्या एअरफ्लो मीटरच्या आतच आहे. मीटर काढलं की इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं आणि लोक दोन दिवस इग्निशन तपासत बसतात. पंपाच्या रिलेची ती वायर नव्या ईसीयूच्या पंप आउटपुटला जोडा.

टायमिंगचा अंदाज: या इंजिनाला बूस्टशिवाय पूर्ण थ्रॉटलला २८ ते ३० अंश पुरतं. दर ०.०७ बार बूस्टला १ अंश मागं. अर्ध्या बारला २१ ते २३ येतं, पण सुरुवात १७ नं करा. तिथून एकेक अंश पुढं. ताकद वाढायची थांबली की २ अंश मागं घेऊन थांबा. कॅम अँगल सेन्सर बेल्टवरून चालतो, त्यामुळं प्रत्यक्ष टायमिंग एखाद-दोन अंश हलत असतं, तेवढी जागा सोडलीच पाहिजे.

नॉकिंग ऐकायचं कसं? ७८ मिमी बोअरला ठोका साधारण ७.३ किलोहर्ट्झला येतो. सेन्सर लावलात तर तीच पट्टी ठेवा. साधा उपाय: ६ मिमीच्या तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टनं आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानावरचे मफ. ठोका काचेवर खडे पडल्यासारखा स्पष्ट येतो. मॅपिंग (ईसीयूत इंधन-टायमिंगचे आकडे भरणं) डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, किंवा बंद ट्रॅकवरच, दुसरा माणूस लॅपटॉपवर. हायवेवर हे करू नका.

प्लग एक पायरी थंड, बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी. ०.७ ला पण बूस्टमध्ये अडखळलं तर कॉइल म्हातारी झाली.

टायमिंगलाइट
यात एक भर. प्रत्येक मोठ्या बदलानंतर पूर्ण लोडवरून एकदम इंजिन बंद करा, गाडी घरंगळू द्या, आणि प्लग काढून उन्हात भिंगानं बघा. पोर्सेलिन स्वच्छ फिकट असेल तर ठीक. त्यावर मिरपुडीच्या कणाएवढे काळे ठिपके असतील आणि प्लग फिरवल्यावर त्यातले काही चांदीसारखे चमकले, तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. अशा वेळी लॅम्डा कितीही चांगला दिसू दे, त्या दिवशी पुन्हा बूस्ट द्यायचा नाही.

रंकाळा_टोक
ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या किंवा गगनबावड्यासारखा चढ असला तर पाणी तापण्याचं काय?

हवेचा_हिशेब
या गाडीत पाणी आत-बाहेर दोन्ही पुढूनच होतं, थर्मोस्टॅट हेडच्या पुढं. त्यामुळं चौथ्या सिलिंडरकडं पाणी कमी फिरतं आणि नॉकिंग पहिलं तिथंच सुरू होतं. इलाज म्हणजे पाण्याची बाहेरची वाट हेडच्या मागच्या बाजूला नेणं. मागं झाकणाची जागा आहेच, तिथं थर्मोस्टॅटचं हाउसिंग बसवायचं, पुढचं तोंड बंद करायचं. आपल्या उन्हाळ्यात हे नंतर करू म्हणून सोडण्यासारखं काम नाही. जोडीला जाड रेडिएटर. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्यानं किंवा फोमनं बंद करा, नाहीतर हवा सोप्या वाटेनं बाजूनं निघून जाते.

घाटात वेग कमी, लोड जास्त, इंटरकूलर तापून बसतो. ईसीयूत आत येणारी हवा ६० अंशांच्या वर गेली की दर १० अंशांना दीड-दोन अंश टायमिंग मागं, अशी पट्टी भरून ठेवा.

लेथवाला
क्लचचं कुणी बोललं न्हाई. १.६ चा क्लच २०० मिमीचा, पहिल्याच दिसाला घसरणार. १.८ चा २१५ चा क्लच फ्लायव्हीलसकट बसतोय. आणि मागचं डिफरन्शियल, १.६ चं सहा इंची, नाजूक हाय. अर्ध्या किलोला टिकंल, पण उभ्या गाडीतनं क्लच सोडून टायर फिरवायचं बंद. पुढं बूस्ट वाढवायचा तर १.८ चं सात इंची डिफ, त्याचं हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टसकट.

इथेनॉल_कट्टा
कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि विम्याचा दावाही अडतो. ट्रॅकवर ट्रेलरनं न्या.

पंचगंगा_९०
ट्रेलरचीच सोय आहे. सगळ्यांचे आभार, अंदाजपत्रक आता नीट मांडता येईल. पहिल्यांदा चालू करताना क्रम काय?

टायमिंगलाइट
आधी गळती. टर्बोच्या तोंडावर पीव्हीसीची टोपी क्लॅम्पनं बसवा, टोपीला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. ब्रीदरची नळी बंद करा, नाहीतर क्रँककेसचे सील फुगतील. अर्धा बार हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. सिलिकॉन होजखालच्या पाइपाच्या टोकाला वेल्डिंगचा गोल मणका चढवलेला नसेल तर होज पहिल्या बूस्टलाच उडते, हे आताच बघून घ्या.

मग टर्बोच्या फीडच्या तोंडातून सिरिंजनं ऑइल घाला आणि पातं हातानं फिरवा. इंजेक्टरच्या वायरचे प्लग काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर, गेजवर ऑइल प्रेशर येईपर्यंत. परतीची नळी चेंबरकडून सोडून खाली बाटली धरा, ऑइल येतंय हे डोळ्यांनी बघा, मग जोडा. चालू केल्यावर १५-२० मिनिटं आयडल, रेस नाही. गार होऊ द्या, मॅनिफोल्ड आणि टर्बोचे सगळे नट परत आवळा. दुसऱ्यांदा तापवून-गार करून पुन्हा एकदा आवळा, मगच लॉकिंग वॉशर मुरडा.

पहिल्या फेऱ्या वेस्टगेटच्या नुसत्या स्प्रिंगवर. बूस्टची नळी कॉम्प्रेसरपासून थेट अ‍ॅक्चुएटरला, मधे टी किंवा कंट्रोलर काही नको. ईसीयूत ०.६५ बारला फ्युएल कट आधी भरा. बंद करण्याआधी एक फेरी हळू, मग मिनिटभर आयडल. ऑइल १०डब्ल्यू-४० सिंथेटिक, पहिलं १०० किलोमीटरवर बदला आणि फिल्टर कापून आत चकाकतं काही आहे का बघा.

रंकाळा_टोक
स्प्रिंग ०.४ ची असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट ०.७ पर्यंत चढतो, असं का होतं? अ‍ॅक्चुएटरचा दोष?

शिरोली_सँड
अ‍ॅक्चुएटर पूर्ण उघडूनही गॅस वेस्टगेटमधून पुरेसा जात नाही, म्हणून. एक्झॉस्ट जितका मोकळा तितकं हे जास्त. टर्बाइन हाउसिंग काढून वेस्टगेटचं भोक बघा. झाकणाच्या मानानं ते बरेचदा लहान असतं. भोक वाढवा, पण झाकण टेकायला चारी बाजूंनी किमान २ मिमी सपाट जागा राहू द्या, आणि आतली कड टर्बाइनच्या बाजूनं गोल करा. झाकण हातानं उघडून कोन मोजा. ४५ अंशांच्या आतच डाउनपाइपच्या भिंतीला अडत असेल तर भोक वाढवून काही होणार नाही, तिथं डाउनपाइपच्या फ्लँजला खोबण घ्यावी लागते. लेथवाला दादांना बनवतानाच सांगून ठेवा, नंतर ते काम टर्बो उतरवल्याशिवाय होत नाही.